क्रॅक गेम खेळणं चूक का? आधी कुठला गेम आणि कधी, ते सांग

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारतोय: "दादा, नवा मोठा गेम चार-पाच हजारांना येतो. घरून मेससकट महिन्याला जेमतेम तेवढेच पैसे येतात. होस्टेलवर एक हार्ड डिस्क फिरत असते, तिच्यात सगळं क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेलं, मिळतं. मी विकत घेणारच नव्हतो, मग कंपनीचं नुकसान काय झालं? किमती एवढ्या का ठेवतात? आणि नोकरी लागल्यावर विकत घेतला तर फिटेल का?"

मी पुण्यात गेम बनवण्याच्या धंद्यात आहे. सुरुवातीची बरीच वर्षं बाहेरच्या मोठ्या गेमची आउटसोर्सिंगची कामं केली, आता मोजक्या लोकांचा स्टुडिओ आहे आणि आमचे छोटे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानावर विकले जातात. म्हणजे या भांडणात मी एका बाजूचा आहे. ते धरूनच वाच.

"विकत घेणारच नव्हतो" हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. एक क्रॅक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री, हा हिशोब कंपन्या पत्रकं काढताना करतात, पण धंद्यात मुरलेलं कुणी तो मनापासून मानत नाही. युरोपियन कमिशनने एका संस्थेकडून याच विषयावर मोठा अभ्यास करून घेतला होता. 2015 मध्ये तो तयार झाला आणि 2017 पर्यंत पडूनच होता. शेवटी युरोपीय संसदेतल्या जूलिया रेडा यांनी मागे लागून तो बाहेर काढला. त्यात नवे, गाजलेले सिनेमे सोडले तर पायरसीमुळे विक्री घटते याचा ठोस आकडेवारीचा पुरावा सापडला नव्हता. गेमच्या बाबतीत तर कल उलटाच दिसत होता, अर्थात त्या आकड्याची त्रुटीमर्यादा मोठी होती.

इथवर वाचून खूश होऊ नकोस. 2024 मध्ये विल्यम वोल्कमन या अभ्यासकाचा एक शोधनिबंध आला. डेनुव्हो हे क्रॅक रोखणारं कुलूप लावलेले 86 गेम घेऊन, कुलूप कधी तुटलं आणि त्यानंतर उत्पन्नाचं काय झालं, हे त्याने तपासलं. रिलीजनंतर लगेच तुटलं तर एकूण उत्पन्नात सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास घट. बारा आठवड्यांनंतर तुटलं तर फरक जवळजवळ शून्य.

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. आपण किमतीवर भांडतो, पण हिशोब वेळेचा असतो. पाच हजारांचा गेम दीड-दोन वर्षांत सेलमध्ये निम्म्याच्या खाली येतो, पुढे आणखी उतरतो. पहिल्या दिवशीची किंमत ही खेळण्याची नाही, पहिल्या दिवशी खेळण्याची आहे. मार्चमधल्या हापूसच्या पेटीचा आणि मेअखेरच्या पेटीचा भाव एक नसतो, आणि मार्चचा भाव परवडत नाही म्हणून कुणी पेटी उचलून चालायला लागत नाही. मे येईपर्यंत थांबतो. तेव्हा "परवडत नाही" असं तू म्हणतोस, त्यातला बराच भाग "आत्ता परवडत नाही" असा आहे. रील्सवर सगळे त्याच गेमबद्दल बोलतायत, शेवट कुणीतरी फोडेल, मित्रांनी संपवला, आपण मागे राहिलो. हा दबाव खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण त्याला गरिबी म्हणू नये.

किंमत शून्याच्या जवळ नेली तरी काय होतं, तेही बघ. 2010 मध्ये पहिला हंबल इंडी बंडल हा छोट्या स्टुडिओंच्या गेमचा संच आला. पाच गेम, एक सेंट द्या आणि घेऊन जा, आणि त्यातला काही भाग धर्मादाय संस्थांना. तरीही आयोजकांच्या अंदाजानुसार सुमारे चतुर्थांश डाउनलोड पैसे न भरता झाले. 2013 मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या स्टुडिओने 'गेम डेव्ह टायकून' आठ डॉलरना काढला आणि सोबत स्वतःच एक क्रॅक आवृत्ती टॉरेंटवर टाकली. त्या आवृत्तीत खेळाडूचा गेममधला स्टुडिओ पायरसीमुळे हळूहळू बुडायचा. पहिल्या दिवसाअखेर 214 जणांनी विकत घेतला होता आणि 3,104 जण क्रॅक खेळत होते. पुढची गंमत अशी की त्यातल्या काहींनी जाहीरपणे तक्रारी केल्या: लोक माझे गेम चोरतायत, यावर काही उपाय शोधता येतो का?

आता उलट बाजू, कारण कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत.

स्टीम चालवणाऱ्या वाल्व कंपनीचे गेब न्यूएल 2011 मध्ये म्हणाले होते की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न असतो. त्यांनी उदाहरण दिलं रशियाचं. तिथे सगळे चोरच आहेत असं म्हणून कंपन्या गेम द्यायला सहा-सहा महिने लावत, आणि चोर मात्र रशियन भाषांतरासकट लगेच देत. स्टीमने वेळेवर आणि नीट दिल्यावर रशिया त्यांची मोठी बाजारपेठ झाली. पोलंडची गोष्ट मला त्याहून आवडते. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी 'विचर'मुळे जगाला माहीत झाली, पण तिची सुरुवात 1994 मध्ये दुसऱ्यांचे गेम पोलंडमध्ये विकण्यापासून झाली. तेव्हा वॉर्सातल्या बाजारात कॉपी केलेल्या सीड्या राजरोस मिळायच्या. 1999 मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' आणला तो नामवंत पोलिश नटांच्या आवाजात, आणि जाडजूड खोक्यात नकाशा, पुस्तिका, संगीताची सीडी घालून. कॉपीवाल्यापेक्षा महाग होता, तरी धडाक्यात खपला. कॉपीवाला पुस्तिका छापत बसणार नव्हता. पुढे 2008 मध्ये त्याच लोकांनी कुलूप नसलेले गेम विकणारं जीओजी काढलं.

आणि कुलूपवाल्यांनी काय केलं? 2008 मध्ये 'स्पोर' हा गेम विकत घेणाऱ्याला तीनदाच इन्स्टॉल करायची मुभा होती. क्रॅकवाल्याला कसलीच मर्यादा नव्हती. 2013 च्या 'सिमसिटी'ला सतत इंटरनेट लागायचं, आणि रिलीजच्या आठवड्यात कंपनीचे सर्व्हरच कोलमडले. पैसे भरणारा रांगेत ताटकळला. प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरापेक्षा वाईट माल दिलात तर नैतिकतेवर व्याख्यान द्यायला तोंड उरत नाही. मी स्वतः आमच्या गेमना असलं कुलूप लावत नाही. एक तर त्याचे पैसे आमच्या आवाक्याबाहेर, आणि जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या पोराला त्याचा भुर्दंड कशाला?

आता किमतीचं. चार हजार, पाच हजार हा आकडा येतो कुठून?

स्टीमवर गेम टाकताना किमतीचं एक पान असतं. तू डॉलरचा भाव टाकलास की बाकी सगळ्या चलनांचे रकाने वाल्वच्या शिफारशीप्रमाणे आपोआप भरतात. ही शिफारस नुसत्या विनिमय दरावर नसते. त्या देशात लोक काय खर्च करू शकतात, याचाही विचार असतो. म्हणून भारतातला सुचवलेला भाव थेट रूपांतरापेक्षा बराच कमी असतो. रुपयात व्यवहार 2015 च्या शेवटी सुरू झाले. त्याआधी डॉलर आणि आंतरराष्ट्रीय कार्ड असा मामला होता, आज यूपीआयने पैसे भरता येतात. छोटे स्टुडिओ बहुतेक तो सुचवलेला भाव तसाच ठेवतात. 'स्टारड्यू व्हॅली' एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून बनवलेला गेम आहे, अमेरिकेत पंधरा डॉलरना मिळतो, आणि इथे वर्षानुवर्षं पाचशेच्या आत मिळत आलाय. मोठे प्रकाशक मात्र तो रकाना खोडून स्वतःचा आकडा टाकतात. त्या ऑफिसात बसलेल्या माणसाला भारत म्हणजे विक्रीच्या तक्त्यातली खालची एक ओळ दिसते, आणि भाव उतरवला तर स्वस्त प्रती बाहेर जातील ही भीती असते.

तरी न्यायाने बोलायचं तर पाच हजार हा आकडा डॉलरच्या मानाने चढा नाही. सोनीने पीएस5 या गेम खेळण्याच्या यंत्रासोबत 2020 मध्ये इथे 4,999 चा भाव आणला. त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. तो वजा करून डॉलर 85 रुपयांना धरला तर साधारण 50 डॉलर उरतात. अमेरिकेत तोच गेम 70 ला, आणि विक्रीकर वर. म्हणजे कंपनीच्या वहीत भारताला सूटच मिळालीय. तुझ्या वडिलांच्या पगाराच्या वहीत मात्र तो आकडा भयंकर आहे. दोन्ही वह्या बरोबर आहेत. माझं मत विचारशील तर मोठे प्रकाशक इथे मूर्खपणा करतात, कारण निम्म्या भावात दुप्पट-तिप्पट खप व्हायला वाव आहे आणि डिजिटल प्रतीला छपाई लागत नाही. पण मूर्ख भाव लावायचा त्यांना हक्क आहे. माल नको असेल तर न घेण्याचा तुला आहे.

आमच्यासारख्यांचा हिशोब वेगळा आणि फार बारीक असतो. समज, 499 चा गेम तू घेतलास. जीएसटी काढला की 423 उरतात. त्यातून स्टीमचे 30 टक्के, म्हणजे 127 गेले. हातात 296. प्रकाशक असेल तर त्याचा वाटा यातून जातो, मग दोनशेच्या आसपास येतं. त्यात ऑफिसचं भाडं, संगीतकार, टेस्टिंग, आणि अर्थातच पगार. सेलमध्ये निम्म्या भावाला विकला तर आमच्याकडे दीडशेही येत नाहीत. मोठ्यांना इथेही सवलत: 2018 पासून एका गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की स्टीमचा वाटा 25 टक्के होतो, पाच कोटींच्या पुढे 20. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याला कपात कमी. एपिकचं दुकान 12 टक्क्यांहून जास्त घेत नाही, पण गिऱ्हाईक स्टीमवर बसलंय, तिथे जाऊन काय करू?

आणि पुन्हा तोच वेळेचा मुद्दा. स्टीम कुठला गेम लोकांच्या समोर आणायचा हे लोकांचा प्रतिसाद बघून ठरवतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली विक्री ही पुढच्या विक्रीचं बी असते. आठवडा कोरडा गेला तर गेम तळाशी जातो आणि कुठलाही सेल त्याला वर आणत नाही. आमच्या एका गेमच्या वेळी सपोर्टला मेल आला: तिसऱ्या लेव्हलला सेव्ह उडतोय, कृपया दुरुस्त करा, गेम फार आवडलाय. सोबत स्क्रीनशॉट. खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा नंबर पहिल्या दिवसाच्या बिल्डचा होता. तो बग आम्ही कधीच काढला होता, आणि स्टीमवर ज्याने घेतलाय त्याला ती दुरुस्ती आपोआप मिळालेली असते. म्हणजे क्रॅक. मी त्याला बगची माहिती दिली आणि विषय संपवला. राग त्याच्यावर नव्हता. पण तो आठवडा आम्ही विक्रीचा आलेख दर तासाला उघडून बघत होतो, आणि "फार आवडलाय" म्हणणारा माणूस त्या आलेखात नव्हता.

म्हणून हार्ड डिस्कबद्दल माझं उत्तर सरसकट नाही. त्या डिस्कमध्ये एकाच फोल्डरमध्ये शंभर कोटी डॉलर कमावणारा गेमही आहे आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 'राजी'ही असेल. 'राजी'साठी 2017 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पुरेसे पैसे गोळा झाले नाहीत, पुढे एपिकच्या अनुदानाने हात दिला, आणि 2020 मध्ये तो आला. दोन्ही कॉपी करायला तेवढेच क्लिक लागतात, पण दोन्हीचं वजन एक नाही. मोठ्या कंपनीचा गेम क्रॅक करून खेळलास तर ते बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण माझी झोप उडणार नाही. पाचशेच्या आतला छोट्या स्टुडिओचा नवा गेम, जो पुढच्या सेलमध्ये तीनशेला मिळेल, तो क्रॅक करण्याला मात्र माझ्याकडे कुठलीही सबब नाही. तेवढ्याची मिसळ आणि चहा महिन्यात होतोच. आणि गेमिंग कॅफेवाला क्रॅक प्रती टाकून तासाला पैसे घेतो, त्याला तर मी विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी जास्त दोषी धरतो. तो दुसऱ्याच्या कामावर दुकान चालवतोय.

पळवाटांमध्ये एक पळवाट लोकांना पायरसीपेक्षा सभ्य वाटते, ती म्हणजे व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं इंटरनेटवर भासवून, स्वस्त देशाच्या दरात घेणं. काही वर्षं अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यासाठी जगभर प्रसिद्ध होते. 2021 मध्ये स्टीमने देश बदलण्यावर तीन महिन्यांतून एकदाच अशी मर्यादा घातली. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन्ही देशांतले भाव डॉलरमध्ये गेले. वाल्वने कारण दिलं ते चलनाच्या चढउताराचं, पण बाहेरच्यांच्या या घुसखोरीमुळे अनेक प्रकाशक आधीच तिथले भाव चढवत होते. भुर्दंड बसला तो ब्यूनोस आयरिसमधल्या तुझ्यासारख्या विद्यार्थ्याला. भारताचा भाव स्वस्त आहे म्हणून उद्या युरोपातले लोक इथून घेऊ लागले, तर आपल्यावरही तीच पाळी येईल. गेम सुरू करायचे कोड, म्हणजे 'की', स्वस्तात विकणारी बाजारंही तशीच. त्यातले काही कोड चोरीच्या कार्डवर घेतलेले असतात आणि नंतर बँक पैसे स्टुडिओकडूनच परत मागते. 2019 मध्ये नो मोअर रोबॉट्स या प्रकाशक कंपनीचे माइक रोझ यांनी जाहीरच सांगितलं होतं की तिथून घेण्यापेक्षा सरळ पायरेट करा. प्रकाशक असं म्हणतो तेव्हा समज काय ते.

काही बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूने उभा राहीन. जो गेम आज कुठेच विकत मिळत नाही, त्याची जुनी प्रत कुणी जपून ठेवली तर मी त्याला चोर म्हणणार नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवलं की अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात नाहीत. युबीसॉफ्टचा 'द क्रू' तर पैसे देऊन घेतलेल्यांच्याही हातून गेला: 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायचीही सोय नाही. त्यावरून युरोपात जी मोहीम उभी राहिली तिने 2025 मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे आता दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही गेम नाही, परवाना घेताय. विकणाऱ्याने दार कायमचं बंद केलं असेल तर माझं नुकसान होतंय असं म्हणायला तो उरत नाही.

कायदा एवढा बारीक भेद करत नाही, तेही माहीत असू दे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद न देता 50 हजारांपर्यंत दंड करू शकतं. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवायला कलम 52 मुभा देतं, पण कुलूप तोडण्याच्या गुन्ह्यासाठी कलम 65अ वेगळं आहे.

नोकरी लागल्यावर विकत घेतलं तर फिटेल का? मोठ्या कंपनीचं फिटेल, तिला आज आणि पाच वर्षांनी सारखंच. छोट्यांचं अर्धंच. तोवर सेलमध्ये तो गेम ऐंशी रुपयांना मिळत असेल, टीम फुटलेली असेल, आणि पैसे ज्याने हक्क विकत घेतले त्याच्या खात्यात जातील. तरी घे, आणि शक्य असेल तर त्याच लोकांचा नवा गेम पूर्ण भावात घे.

तोपर्यंत एक काम फुकटात होण्यासारखं आहे. आवडलेल्या छोट्या गेमचा डेमो खेळ आणि तो विशलिस्टमध्ये टाक. 20 टक्के किंवा जास्त सूट आली की स्टीम तुला मेल करतं, आणि रिलीजच्या आधी विशलिस्टचा आकडा किती आहे यावर प्रकाशक आमच्याशी बोलायचं की नाही ते ठरवतात. घेतलास आणि नाही आवडला, तर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. त्या परताव्याचा आम्हाला राग येत नाही.